जुईनगरचे भुयार : चोरी, प्रमाद आणि आपले रोजचे व्यवहार

हार्बर मार्गाने पनवेलच्या दिशेने निघाले, की वाशी, सानपाडा आणि त्यानंतर जुईनगर लागते. ठाण्याहून येणाऱ्या गाड्याही याच स्थानकावर थांबतात. स्थानकाबाहेर पडताच नवी मुंबईची ओळखीची मांडणी दिसू लागते. आखीव सेक्टर, सरळ रस्ते, तळमजल्यावर दुकानांचे गाळे आणि वर सदनिका. मशीद बंदर, दाणाबंदर येथील घाऊक बाजार तुर्भ्याला हलला, त्यानंतर आपल्या समाजातील अनेक व्यापारी कुटुंबे वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ या पट्ट्यात स्थिरावली. दिवसभर बाजार समितीत उभे राहायचे आणि संध्याकाळी या शांत वस्तीत परतायचे, असा त्यांचा क्रम. दूध, औषधे, वाणसामान, इस्त्री आणि बँक, सारे काही घराखालीच. अशा वस्तीत गुन्हा घडेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि घडलाच, तर तो मारामारीचा किंवा पाकीटमारीचा असेल, एवढीच कल्पना असते.

तरीही महाराष्ट्रातील एका अत्यंत धाडसी बँकफोडीचे स्थळ याच जुईनगरात, सेक्टर ११ मध्ये आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये येथील बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोर शिरले, पण ते दारातून आले नाहीत, खिडकीतून नाहीत आणि भिंत फोडूनही नाहीत. ते जमिनीखालून आले. त्याच इमारतीतील एक गाळा त्यांनी भाड्याने घेतला होता. तेथून मधल्या गाळ्याखालून सुमारे २५ ते ३० फुटांचे भुयार खणत ते थेट लॉकरच्या खोलीत निघाले.

अशा स्थळी जाऊन पाहण्याजोगे फारसे काही उरत नाही. पंचनामा संपतो, भुयार बुजवले जाते, फरशी पुन्हा बसते आणि बाजार आपल्या गतीने चालू लागतो. परंतु व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी त्या गाळ्यांच्या रांगेपुढे क्षणभर उभे राहिले, तर तेथे एक गोष्ट नक्की दिसते. चोरीसाठी लागलेली बहुतेक साधने ही आपल्याच रोजच्या व्यवहारातली होती. गाळा भाड्याने देणे, शेजारच्या दुकानाकडे पाहूनही न पाहणे, दागिने लॉकरमध्ये ठेवून निश्चिंत होणे आणि स्वस्तात आलेले सोने विकत घेणे, हे ते व्यवहार. पहार आणि कुदळ तेवढी चोरांची होती.

शनिवार-रविवारचे गणित

घटनाक्रम थोडक्यात असा. घटनेच्या सुमारे पाच-सहा महिने आधी एका माणसाने हा गाळा भाड्याने घेतला आणि तेथे किरकोळ सामानाचे दुकान थाटले. दुकान उघडत होते, बंद होत होते, गिऱ्हाईक येत-जात होते. दिवसा दुकान आणि दुकानाच्या आडोशाने खोदकाम, असा हा उद्योग चालला होता.

दिवस निवडण्यातही हिशेब होता. देशातील बँका सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. ११ नोव्हेंबर २०१७ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. शुक्रवारी संध्याकाळी शाखा बंद झाली, ती थेट सोमवारी, १३ नोव्हेंबरला सकाळी उघडली. मधले दोन दिवस आणि तीन रात्री लॉकरच्या खोलीकडे कोणी फिरकणार नव्हते. सोमवारी कर्मचारी आले, तेव्हा फरशी फुटलेली होती आणि लॉकर उघडे पडले होते. शाखेत सव्वादोनशेच्या आसपास लॉकर होते, त्यांतील ३० फोडले गेले. ऐवजाचा आकडा प्रारंभी कमी वाटला; एकेक लॉकरधारक पुढे येऊन सांगू लागला, तसा तो कोटींच्या घरात गेला.

बातमी पसरताच शाखेबाहेर लॉकरधारकांची गर्दी झाली. आपला क्रमांक त्या तिसांत आहे की नाही, एवढेच प्रत्येकाला जाणून घ्यायचे होते. लॉकर फुटणे म्हणजे केवळ संपत्ती जाणे नव्हे. आपल्या घरांत लॉकरमध्ये असते ते मुख्यतः स्त्रीधन. सासूने सुनेला दिलेल्या पाटल्या, माहेरहून आलेला हार, मुलीच्या लग्नासाठी दरवर्षी थोडे थोडे करून जमवलेले सोने. त्यांतील पुष्कळशा वस्तूंची पावती नसते, कारण त्या विकत घेतलेल्या नसतात, हातातून हातात आलेल्या असतात. पैसा पुन्हा कमावता येतो. आजीच्या हातातली बांगडी पुन्हा घडवता येत नाही.

पोलिसांनी तपास वेगाने केला. पंधरवड्याच्या आतच पहिल्या अटका झाल्या. तपासाचे धागे राज्याबाहेरही गेले. ऐवजाचा काही भाग परत मिळाला. मात्र या तपासात पुढे आलेला एक मुद्दा आपल्या समाजाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. चोरीचा माल घेतल्याच्या आरोपावरून सराफी व्यवसायातील माणसालाही अटक झाली. त्याचा विचार पुढे येईलच.

दीडशे-दोनशे पोत्यांचा प्रश्न

या गुन्ह्यात सर्वांत थक्क करणारी बाब कोणती, असे विचारले तर पुष्कळजण भुयाराचे नाव घेतील. व्यापाऱ्याने मात्र मातीचे नाव घ्यावे.

साधा हिशेब करून पाहावा. भुयार २५ फूट लांब आणि माणूस सरपटत जाईल एवढे, म्हणजे अडीच फूट रुंद व अडीच फूट उंच, असे धरले तरी खणलेली माती दीडशे घनफुटांहून अधिक भरते. घनमीटरमध्ये हे माप जवळपास साडेचार होते. ओलसर, दबलेली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले तर एकूण वजन सात ते आठ टन होते. पन्नास किलोचे पोते धरले, तर ही दीडशे पोती झाली. भुयार थोडे रुंद किंवा थोडे लांब असेल, तर दोनशेहूनही अधिक.

एवढी माती एका लहानशा गाळ्यातून बाहेर गेली. दुकानदारीचा पहिला धडा असा, की किराणा दुकानात पोती आत येतात आणि पुड्या बाहेर जातात. येथे व्यवहार उलटा होता. आत येणारा माल किरकोळ आणि बाहेर जाणारे वजन अवाढव्य. ज्या दुकानाची खरेदी दिसत नाही, ज्याच्याकडे कंपन्यांचे विक्री-प्रतिनिधी ऑर्डर घ्यायला फिरकत नाहीत, ज्याच्या फळीवरचा माल महिनोन्महिने तसाच आहे, तरीही ज्याचे भाडे वेळेवर भरले जाते, ते दुकान कशावर चालते? हा प्रश्न कोणत्याही मुरलेल्या व्यापाऱ्याला चार दिवसांत पडायला हवा. शेजारच्या दुकानाची विक्री केवढी, उधारी केवढी, तो माल कुठून उचलतो, हे जुन्या पेठेतील दुकानदार न विचारता सांगत असे. ती केवळ भोचक चौकशी नव्हती, त्यात पेठेची राखणही होती.

उपनगरातील नव्या बाजारांत ही राखण सुटत चालली आहे. गाळ्याचा मालक दुसऱ्या गावी राहतो, भाडे खात्यात जमा होते, दलाल करार करून देतो आणि शेजारी-शेजारी वर्षभर बसणारे दोन दुकानदार एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. जुईनगरचे भुयार वरवर पाहता मातीतून गेले. खरे तर ते या अनोळखीपणातून गेले.

जुनीच युक्ती

ही युक्ती नवी नाही. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर सप्टेंबर १९७१ मध्ये लॉइड्स बँकेची लॉकरची तिजोरी अशीच फोडली गेली. चोरांनी दोन दारे सोडून असलेले चामड्याच्या वस्तूंचे दुकान भाड्याने घेतले, मधल्या उपाहारगृहाखालून सुमारे ४० फुटांचे भुयार खणले आणि शनिवार-रविवार साधून अडीचशेहून अधिक पेट्या रिकाम्या केल्या. त्याच रस्त्यावर आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या शेरलॉक होम्सचे घर कल्पिले होते. दुकानातून बँकेच्या तळघरात भुयार खणण्याची कथा तर त्यांनी १८९१ मध्येच लिहिली होती.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील चेलेंब्रा येथे डिसेंबर २००७ च्या अखेरीस ग्रामीण बँकेची शाखा फोडली गेली. बँक वरच्या मजल्यावर होती. चोरांनी खालच्या मजल्यावरील उपाहारगृहाची जागा घेतली, दुरुस्ती चालू असल्याचे भासवले आणि छताला भोक पाडून ते थेट तिजोरीच्या खोलीत निघाले. सुमारे ८० किलो सोने आणि ५० लाख रुपये रोख गेले. पोलिसांनी दोन महिन्यांत चोर पकडले आणि बहुतांश सोने परत मिळवले. हरियाणातील गोहाना येथे ऑक्टोबर २०१४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेजवळील एका पडीक इमारतीतून सुमारे सव्वाशे फुटांचे भुयार खणून लॉकर फोडण्यात आले. तेथेही चोरी उघडकीस आली ती सोमवारी.

चारही ठिकाणी सूत्र एकच आहे. बँकेची भिंत जाड असते, दार पोलादी असते, किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांत विभागलेल्या असतात. पण बँकेला शेजार निवडता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात चालणाऱ्या शाखेची फरशी ही शेजाऱ्याच्या फरशीशी जोडलेली असते. तिजोरी कितीही मजबूत केली, तरी तिची सुरक्षितता शेवटी शेजारचा गाळा कोणाच्या हाती आहे, यावर येऊन ठेपते. आणि तो गाळा पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या गृहस्थाच्या मालकीचा असतो.

पहिले दार : गाळा देणारा

आपल्या समाजात गाळे आणि दुकाने भाड्याने देणे हे अनेक कुटुंबांचे स्थिर उत्पन्न आहे. निवृत्त झालेले वडील, विधवा काकू, परदेशी गेलेल्या मुलाची आई, यांचा महिना त्या भाड्यावर चालतो. त्यामुळे भाडेकरू मिळाला, चार पैसे जास्त देतो, अनामत एकदम भरतो, एवढे पाहून करार होतो. प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. जास्त प्रश्न विचारले तर तो दुसरीकडे जाईल, ही भीतीही असते.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी जागामालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याखेरीज पोलीस आयुक्तालये वेळोवेळी आदेश काढून भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे बंधनकारक करतात. अशा आदेशाचा भंग हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा ठरतो.

परंतु कागद पुरेसा नसतो. खोट्या नावाने किंवा दुसऱ्याच्या नावाने कागद तयार करता येतो. म्हणून कागदाबरोबर तीन साध्या गोष्टी मालकाने पाळाव्यात. भाडेकरूने आधी जेथे व्यवसाय केला, तेथे एकदा फोन करावा किंवा जाऊन यावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा गाळ्यात स्वतः पाऊल टाकावे. करारात तसे कलम आधीच घालून ठेवावे. आणि बँकेला, सराफी दुकानाला किंवा गोदामाला लागून गाळा असेल, तर फरशी, भिंत व छत यांत कोणताही बदल मालकाच्या लेखी परवानगीवाचून होणार नाही, हे करारात स्पष्ट लिहावे. गाळ्यात दुरुस्ती चालू असल्याचे कळताच ती पाहून यावी. शेजारच्या दुकानदारानेही काही वावगे वाटले तर ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून गप्प बसू नये. सोसायटीच्या सचिवाला, बँकेच्या व्यवस्थापकाला किंवा ११२ या क्रमांकावर एक शब्द कळवणे म्हणजे चुगली नव्हे.

दुसरे दार : लॉकर आणि आपली निश्चिंती

लॉकर घेतला की आपण सुटलो, अशी आपली समजूत असते. जुईनगरच्या घटनेपर्यंत बँकांची भूमिका मात्र अगदी वेगळी होती. त्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, माहिती अधिकारातील उत्तरांतून हे उघड झाले होते, की लॉकरमधील ऐवज चोरीला गेला तर त्याचे दायित्व आपल्यावर नाही, असे अनेक सरकारी बँका मानतात. त्यांचा युक्तिवाद असा, की बँक आणि लॉकरधारक यांचे नाते जागामालक व भाडेकरू यांचे आहे. ग्राहक एक कप्पा भाड्याने घेतो; त्यात तो काय ठेवतो, हे बँकेला ठाऊक नसते.

ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या खटल्याच्या निकालात अमान्य केली. तो खटला चोरीचा नव्हता. भाडे भरलेले असतानाही कोलकात्यातील शाखेने लॉकर फोडला होता आणि सात दागिन्यांपैकी दोनच ग्राहकाला परत मिळाले होते. न्यायालयाने बँकेस ५ लाख रुपये भरपाई व १ लाख रुपये खर्च देण्यास सांगितले, लॉकरबाबत बँक हात झटकू शकत नाही असे स्पष्ट केले आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश दिला.

त्यानुसार रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी सुधारित सूचना काढल्या. त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. प्रत्येक लॉकरधारकाने त्यांतील पुढील गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर, यामुळे नुकसान झाले तर बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतके आहे. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत किंवा ग्राहकाच्याच चुकीने नुकसान झाल्यास हे दायित्व लागू होत नाही.

लॉकर उघडला गेल्याचा संदेश व ई-मेल बँकेने त्याच दिवशी ग्राहकाला पाठवला पाहिजे. आपला मोबाइल क्रमांक बँकेत अद्ययावत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

लॉकरच्या खोलीत येण्या-जाण्याचे सीसीटीव्ही चित्रण बँकेने किमान १८० दिवस जपले पाहिजे.

बँकेने ग्राहकाशी नवा करार केला पाहिजे आणि त्याची प्रत ग्राहकाला दिली पाहिजे. त्या करारानुसार लॉकरमध्ये रोख रक्कम ठेवता येत नाही. दागिने, कागदपत्रे अशा वैध वस्तूंसाठीच तो आहे.

बँक लॉकरमधील वस्तूंचा विमा स्वतः काढून देऊ शकत नाही. तो ग्राहकाने विमा कंपनीकडून वेगळा घ्यावा लागतो.

आता हिशेब पाहावा. लॉकरचे वार्षिक भाडे ३,००० रुपये असेल, तर बँकेचे दायित्व ३ लाख रुपये होते. ३ लाखांत आज किती सोने येते, हे व्यापारी कुटुंबाला सांगावे लागत नाही. नियम झाले, ग्राहकाला हक्क मिळाला, हे खरेच. पण उरलेल्या ऐवजाची काळजी कुटुंबालाच घ्यावी लागणार आहे.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. लॉकर फुटल्यावर पहिला प्रश्न येतो, की आत काय होते? आणि पुष्कळ घरांत याचे उत्तर कोणाकडेच नसते. यादी केलेली नसते. आई सांगते तो एक आकडा, वडिलांचा दुसरा आणि सुनेचा तिसरा. यादी न करण्यामागे आळस असतो तशी भीतीही असते. कागदावर उतरले तर प्राप्तिकराची अडचण होईल, ही ती भीती. वस्तुतः केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे २५० ग्रॅम व पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त केले जात नाहीत. त्याहून अधिक असतील आणि ते वारसाने आले किंवा जाहीर उत्पन्नातून घेतले, हे दाखवता येत असेल, तरी बाधा नाही. ज्याचा हिशेब दाखवता येतो ते सोने कागदावर आणायला घाबरू नये. ज्याचा हिशेब दाखवता येत नाही, ते चोरीला गेले तर मागताही येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणून एक सुटीचा दिवस काढून घरातील स्त्रियांनी एकत्र बसावे. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र घ्यावे, वजन लिहावे, पावती असेल तर जोडावी, नसेल तर तो कोणाकडून कधी आला ते लिहावे. मोठ्या वस्तूंचे नोंदणीकृत मूल्यमापकाकडून मूल्यांकन करून घ्यावे. यादीची एक प्रत घरी आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. ती लॉकरमध्येच ठेवली, तर तिचा उपयोग नाही. नामनिर्देशनही तपासून पाहावे. बँकिंग कायद्यातील दुरुस्तीनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरसाठी चारपर्यंत व्यक्तींची नावे क्रमाने देता येतात. पहिली व्यक्ती हयात नसेल, तर हक्क दुसरीकडे जातो. वडिलांच्या पश्चात लॉकर उघडण्यासाठी आईला खेटे घालावे लागू नयेत, यासाठी हा अर्ज आजच भरावा.

तिसरे दार : विकत घेणारा

भुयाराची दोन तोंडे सर्वांना दिसतात. एक दुकानात, दुसरे लॉकरच्या खोलीत. पण चोराला त्या दोन तोंडांचा काही उपयोग नसतो, जर तिसरे तोंड उघडे नसेल. ते तोंड म्हणजे बाजार. चोराला दागिने घालायचे नसतात, ते विकायचे असतात. कोणी तरी ते घेतो, वितळवतो आणि त्यांची लगड करतो, तेव्हाच चोरी पूर्ण होते. वितळलेल्या सोन्याला ना खूण राहते, ना आठवण. म्हणूनच जुन्या दागिन्यांचे छायाचित्र जपणे आणि नव्या दागिन्यांवरील सहा अक्षरांकी हॉलमार्क क्रमांक पावतीवर लिहून घेणे महत्त्वाचे आहे. वितळण्यापूर्वी माल सापडला, तर ओळख पटवण्यास तेवढाच आधार असतो.

चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये हीच तरतूद होती. ‘तसे मानण्यास कारण असताना’ हे शब्द व्यापाऱ्याने नीट वाचावेत. मला ठाऊक नव्हते, एवढे म्हणून सुटका होत नाही. बाजारभावापेक्षा बरेच कमी मागणारा, पावती नको म्हणणारा, अनेक घरांच्या घडणीचे दागिने एकदम घेऊन येणारा विक्रेता समोर बसला, की कारण तेथेच असते. जुने सोने घेताना ओळखपत्राची प्रत, पत्ता, मोबाइल क्रमांक, वस्तूचे छायाचित्र आणि रकमेचा बँकेमार्फत व्यवहार, एवढे केल्यावाचून सौदा करू नये. जो विक्रेता यास नकार देईल, त्याला हात जोडून निरोप द्यावा. एक सौदा गेला तर पेढी बुडत नाही.

आपल्या धर्माने ही गोष्ट कायद्याच्या कितीतरी आधी सांगितली आहे. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत तिसरे अचौर्य, ज्याला स्थूल अदत्तादान विरमण असेही म्हणतात. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, आचार्यांनी या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यांची यादी पाहिली, तर तीत दार फोडणाऱ्या चोराचा उल्लेखच नाही. चोराला उत्तेजन देणे हा स्तेनप्रयोग. चोराने आणलेला माल घेणे हा तदाहृतादान. त्यानंतर राज्याच्या नियमांचे उल्लंघन, खोटी मापे आणि भेसळ किंवा नकली मालाचा व्यवहार. पाचही अतिचार हे दुकानात बसून होणारे आहेत. व्रत घेतलेला गृहस्थ रात्री पहार घेऊन निघणार नाही, हे आचार्यांना ठाऊक होते. त्याचा धोका गादीवर बसून, हिशेबाच्या वहीतून आणि पाहून न पाहिल्यासारखे करण्यातून आहे, हेही त्यांना ठाऊक होते.

या न पाहण्यालाच आपल्याकडे प्रमाद म्हणतात. क्षणभरही प्रमाद करू नये, असा उपदेश भगवान महावीरांनी गौतमस्वामींसारख्या ज्ञानी शिष्याला केला, मग व्यवहारात बुडालेल्या गृहस्थाची काय कथा! प्रमाद हा शब्द साधनेच्या संदर्भातच ऐकण्याची आपल्याला सवय आहे. पण भाडेकरूचे नाव न विचारता गाळा देणे हा प्रमाद आहे. शेजारच्या दुकानातून रात्री काय बाहेर जाते, याकडे पाठ फिरवणे हा प्रमाद आहे. घरातील स्त्रियांचे धन किती व कोठे आहे, याची नोंदही न ठेवणे हा प्रमाद आहे. आणि स्वस्त सोन्याचा इतिहास न विचारणे हा तर प्रमादाच्या पलीकडे गेलेला अतिचार आहे.

याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येक भाडेकरूकडे संशयाने पाहावे. परगावाहून पोट भरण्यासाठी येणारा, दुकान थाटू पाहणारा प्रामाणिक माणूस हाच बहुसंख्य असतो. आपले आजोबा-पणजोबाही कधी काळी असेच मारवाड, गुजरात, कच्छ किंवा कर्नाटकातून लोटा आणि हिंमत घेऊन आले होते, आणि कोणा अनोळखी मालकाने त्यांना ओटा दिला होता. त्या मालकाने त्यांचे नाव-गाव विचारले, जामीन मागितला, महिना-दोन महिने त्यांची चाल पाहिली आणि मग विश्वास टाकला. ती चौकशी अपमानाची नव्हती. तिच्यातूनच ओळख झाली आणि ओळखीतून पत निर्माण झाली.

येत्या चातुर्मासात नियम घेताना कुटुंबाने असे चार लहान नियम घ्यायला हरकत नाही. भाड्याच्या प्रत्येक जागेचा करार नोंदवलेला आहे की नाही, ते तपासणे. वर्षातून एकदा ऐवजाची यादी ताजी करणे. आपल्या दुकानाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन दुकानदारांना नावाने ओळखणे. आणि ज्या वस्तूचा मालक कोण हे सांगता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी न घेणे. यांतील एकाही नियमाला पैसा लागत नाही, आणि चौथा पाळला की तिसऱ्या व्रताचा एक अतिचार आपोआप टळतो.